एकभुक्त सासरे

माझ्या सासऱ्यांनी संध्याकाळचं जेवण सोडलं, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलं ते मीच. औरादकडच्या आमच्या गावात लिंगायतांची घरं बरीच, पण म्हातारपणी एकवेळ जेवून राहणारा एकही नव्हता. विहिरीवर घागर घासता घासता मी सांगायची, "आमचे अप्पा आता एकदाच जेवतेत." बाया हात जोडायच्या. कुणी कुणी तर घरी येऊन त्यांच्या पाया पडायला लागलं. निजामाच्या राज्यातलं आमचं आडगाव, तिथं मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय!

आमच्यात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. अप्पा दोन्ही वेळा पूजा करायचे, दोन्ही वेळा जेवायचे. आता सकाळी आंघोळ झाली की एकदाच पूजा आणि एकदाच भाकरी. मी संध्याकाळी त्यांचं ताट मांडायचं बंद केलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा दिवसभर शेतात. विचारणारी घरात मीच, आणि मी एकदाही विचारलं नाही.

मग ते पाणीही कमी प्यायला लागले. धोतर स्वतःच धुवायला लागले. जन्मात ज्यांनी कधी तांब्या विसळला नव्हता, ते! बाया म्हणाल्या, वैराग्य आलं. मीही मान डोलावली. उन्हाळा चढला, अप्पांचे हात तुराट्यांसारखे झाले, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

एका दुपारी ते गोठ्याच्या दारात भोवळ येऊन बसले. उठवायला गेले तर धोतर ओलं. वास आला, आणि गोठ्यामागच्या कुंपणावर रोज वाळणाऱ्या धोतरांचा अर्थ एकदम कळला. त्यांना लघवी धरवत नव्हती. सकाळी आंघोळीनंतर तेवढं जमायचं, दिवस चढला की धोतर भिजायचं. ओल्या धोतरानं लिंग हातात कसं घ्यायचं, म्हणून संध्याकाळची पूजा नाही. पूजा नाही म्हणून जेवण नाही. पाणी प्यायलं की जास्तच होतं, म्हणून पाणीही नाही. आणि मी गावभर डंका पिटत होते! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सुनेनं सासऱ्याशी असलं बोलायची रीत नव्हती. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पदर पुढं ओढला आणि गोठ्याच्या खुंट्याकडं बघत बोलले.

"अप्पा, मी नवी नवरी होते तवा चार दिवस बाजूला बसले होते. तुमीच म्हणलाव, लिंग गळ्यात हाय त्याला विटाळ न्हाई, ऊठ, चुलीपाशी जा."

"ते बाईचं येगळं," ते म्हणाले. "ते देवानं दिलंय."

"मग हे कुणी दिलंय?"

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण माझ्या जिभेला हाड कधीच नव्हतं.

"धाकट्या पोराच्या बाळंतपणापासून मला बी खोकला आला की होतंय. मी काय जेवायचं सोडलंय व्हय?"

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. कान तापले. अप्पांनी ओलं धोतर गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "हातपाय धुतो, पूजा करतो. अंबील हाय का?"

त्या दिवशी त्यांनी ज्वारीच्या अंबिलीचे दोन वाडगे संपवले.

मी जुन्या लुगड्याचं मऊ कापड काढलं, जाड घड्या घालून लंगोट शिवले आणि त्यांच्या उशाशी ठेवले. बदलून, धुऊन पूजेला बसायचं. संध्याकाळचं ताट पुन्हा मांडलं गेलं. त्यावर आम्ही दोघंही पुन्हा काही बोललो नाही.

पण गावाला काय सांगणार? सुनेनं म्हाताऱ्याचं व्रत मोडलं, असं झालं. विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. डंका मीच पिटलेला, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. राग मात्र यायचा. रोज यायचा.

श्रावणात घरी स्वामींना जेवायला बोलावलं होतं. गावातले चार म्हातारे ओसरीवर बसलेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात पोचले, तोच त्यातला एक मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "आताच्या सुना! म्हाताऱ्याचा नेम बी टिकू देत न्हाईत." स्वामींनीही मान हलवली. "मोडल्या व्रताचं पाप घराला लागतंय, बाई."

"व्रत न्हवतंच ते," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मला मूत धरत न्हाई. लाजंपायी उपाशी मरायलो होतो. हिनं लंगोट शिवून दिले, मला पूजेला बसवलं, जेवाय घातलं. पाप लागायचं तर मला लागू द्या."

मग तोच मोठ्यानं बोललेला म्हातारा खाली बघत पुटपुटला, "कापड कसलं घेतलीस, बाय?"

तांब्या उंबऱ्यावरच ठेवून मी आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले. ज्या गोष्टीपायी हा माणूस मरायला तयार झाला होता, ती त्यानं माझ्यावरचा बोल पुसायला चारचौघांत सांगून टाकली होती.