सावकाशबाईंचा ब्रेक

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंना त्यांच्या भागात सगळे सावकाशबाई म्हणत. शेजारच्या सीटवर बसून त्या सारखं "सावकाश, सावकाश" म्हणायच्या, त्यावरून ते नाव पडलं आणि चिकटलं. नवा माणूस समजायचा, बाई अगदी शांत असतील. कसल्या शांत! सावकाशपणा फक्त गाडीपुरता होता. बाकी बाईंचा राग म्हणजे गॅसवरचं दूध, जरा नजर हटली की वर.

गाडी जुनी होती, सासऱ्यांनी घेतलेली. सासरे गेल्यावर ती विकायची असं घरात ठरत होतं, तेव्हा बाईंनी ती मागून घेतली, शिकवणाऱ्याच्या पायापाशी दुसरं ब्रेक पेडल बसवून घेतलं आणि क्लास सुरू केला. नवरा लांबच्या मालवाहतुकीवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. घरात बाई आणि सासूबाई. गाडीची बारीकसारीक कामं बाई स्वतः करायच्या. सासऱ्यांनीच त्यांना शिकवलं होतं. मोठं काम निघालं की गाडी दिराच्या गॅरेजात जायची. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, असं सासूबाईंचं म्हणणं.

तशीच ती या वेळीही गेली. पुढचे ब्रेक अडकत होते. दिरांनी दोन्ही चाकांवरचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे ते लोखंडी जबडे, काढून उघडले, आतली रबरं बदलली आणि पुन्हा बसवले. गाडी घेऊन बाई गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडल्या आणि पहिल्याच वळणावर त्यांच्या लक्षात आलं की पेडल मऊ लागतंय. पायाखाली उशी ठेवल्यासारखं.

त्या तशाच परत फिरल्या.

"भाऊजी, पेडल खाली जातंय."

"वहिनी, नवीन रबर आहे. बसायला वेळ लागतो."

चार दिवस झाले तरी रबर काही बसेना. बाईंनी फोन केला. दीर म्हणाले, आत हवा राहिली असेल, आणा. हवा काढली. तरी पेडल मऊच. मग म्हणाले, पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर गेलाय. तोही बदलला. तरी मऊच. शेवटी दिरांनी हात पुसत निकाल दिला, "गाडीचं वय बघा वहिनी. जुन्या गाडीचं पेडल असंच असतं."

"तुमच्याकडे यायच्या आधी नव्हतं असं."

"म्हणजे मी बिघडवलं म्हणायचं का?"

बाईंनी किल्ली उचलली आणि गाडी घरी आणली. रात्री नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "तो भाऊ आहे माझा. मिटवून टाक ना." काय मिटवायचं ते मात्र त्याने सांगितलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी तो प्रकार झाला. औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी शिकत होती. हात चांगला होता तिचा. चौकात पुढे बस थांबली, मुलीने ब्रेक दाबला, बाईंनीही आपल्या बाजूने दाबला आणि दोघींची पावलं थेट गाडीच्या तळाला टेकली. बाईंनी हँडब्रेक खेचला. गाडी बसच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. मुलीचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. बाईंनी तिला रिक्षाने घरी पाठवलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत दारात आणली आणि सगळे क्लास बंद केले.

आता मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दारासमोरच्या फरशीवर गाडी स्टँडवर चढवली, चारही चाकं काढली आणि जुने कपडे घालून खाली शिरल्या. ब्रेकमधली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी छोटा स्क्रू सैल करून तेल आणि हवा बाहेर सोडायची, स्क्रू घट्ट करायचा, मगच पहिल्याने पाय उचलायचा. घरात दुसरं माणूस म्हणजे सासूबाई. कुरकुरत का होईना, त्या ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या.

"आई, दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"गुडघा दुखतो गं."

"धरा हो, एकच मिनिट... अहो आई! सोडलंत?"

"डास होता."

पाय उचलला की सैल स्क्रूमधून हवा परत आत. पुन्हा पहिल्यापासून. लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकापर्यंत यायचं, मध्येमध्ये वरच्या डबीत ब्रेक ऑइल भरत राहायचं. पुढच्या चाकांचा स्क्रू अशा ठिकाणी होता की पाना लावायला हात खालून वाकडा करून घालावा लागे, आणि दर वेळी तेलाची धार मनगटावरून कोपरापर्यंत बाहीत उतरे. बाईंनी एकदा सगळी चाकं केली. मग पुन्हा केली. शेवटी तर एक बुडबुडाही दिसेना, नुसतं स्वच्छ तेल. त्यांनी सासूबाईंना उठवलं, स्वतः बसून पेडल दाबलं. उशी जिथल्या तिथे.

बाईंनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला.

"गाडीवर राग काढून काय होणार?" सासूबाई म्हणाल्या. "त्यालाच बोलव. त्याचं रोजचं काम आहे."

"त्यांच्याकडेच तर जात होते इतके दिवस!"

सासूबाई घरात निघून गेल्या. बाई उंबऱ्यावर बसल्या. रडू येत होतं, ते त्यांनी दाबलं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर त्यालाही ब्रेक ऑइलचा वास.

मग एक गोष्ट आठवली, सासऱ्यांनी दाखवलेली. कुठल्या चाकाकडे दोष आहे हे कळत नसेल तर प्रत्येक चाकाकडे जाणारा रबरी पाइप एकेक करून चिमट्याने हलकेच दाबून बंद करायचा आणि पेडल बघायचं. जो बंद केल्यावर पेडल घट्ट होईल, दोष त्याच्या पलीकडे. बाईंनी आधी मागचे पाइप दाबले. काही फरक नाही. मग पुढचा डावा दाबला. पेडल थोडं सुधारलं. डावा तसाच ठेवून उजवाही दाबला आणि पाय ठेवला. दगड! पेडल दगडासारखं घट्ट.

म्हणजे मास्टर सिलिंडर चांगला होता. जुनाही बहुधा चांगलाच असणार. दोष पुढच्या दोन्ही चाकांत होता, आणि दिरांनी हात घातला होता तोही नेमका तिथेच.

बाई चिमटे काढून डाव्या चाकासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि हाताने काहीही न करता नुसत्या कॅलिपरकडे बघत राहिल्या. तेल आणणारा पाइप वरच्या अंगाने आत जात होता. हवा सोडायचा स्क्रू खाली होता. खाली! सकाळपासून बाहीत तेल उतरत होतं ते त्यामुळेच. हवा तेलाच्या वर जाऊन बसणार, आणि बाहेरची वाट तळाशी. वर्षभर जरी पेडल दाबत बसलं असतं तरी तळातून नुसतं तेलच आलं असतं. त्या उठून उजवीकडे गेल्या. तिथेही तेच.

डावा कॅलिपर उजवीकडे होता आणि उजवा डावीकडे. दिसायला दोन्ही एकसारखे, बोल्टही दोन्हीकडे बसतात. दिरांनी ते एकत्र काढून ठेवले असणार आणि घालताना अदलाबदल झाली असणार. एवढंच होतं सगळं.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या तोंडून एक कचकचीत शिवी निघाली, ती ऐकून सासूबाई दारात आल्या.

"आई, पुन्हा बसावं लागेल."

सासूबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने चपला घातल्या.

कॅलिपर उतरवून आपापल्या बाजूला बसवायला दुपार गेली. एक बोल्ट सुटता सुटेना, त्यात बाईंचं एक बोट सोलून निघालं. मग पुन्हा दाबा, धरा, सोडा. या वेळी पहिल्याच खेपेला वरच्या स्क्रूतून फसफसत हवा आली, मोठमोठे बुडबुडे, थांबायचं नाव नाही. सासूबाईंनी या वेळी पाय मध्येच उचलला नाही. ओठ घट्ट मिटून त्या समोर बघत बसल्या होत्या. हळूहळू त्यांचा पाय वरच अडायला लागला.

"अगं, हे आता खाली जातच नाही."

"जाऊ नयेच, आई."

चाकं चढवून बाईंनी गल्लीत गाडी हळू चालवून पाहिली, मग मोकळ्या रस्त्यावर. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी.

संध्याकाळी दीर आले. सासूबाईंनीच बोलावलं होतं. बाईंनी पुढचं चाक काढून दाखवलं, आधी स्क्रू कुठे होता आणि आता कुठे आहे ते बोट ठेवून सांगितलं. दीर वाकून बघत राहिले.

"दिसतात सारखेच," ते म्हणाले. "होतं असं कधीकधी घाईत."

बाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"भाऊजी, पुढे बस होती. चालवणारी मुलगी परक्या घरची होती. आणि तुम्ही मला गाडीचं वय सांगत होतात!"

दीर चहा न घेता गेले. बाईंनी चाक बसवून नट आवळले, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"इतकं बोलायला नको होतं," जेवताना सासूबाई म्हणाल्या. "तोंड उतरलं होतं त्याचं."

"आणि माझं?"

"तुझं तर रोजच उतरलेलं असतं."

यावर बाईंना हसू आलं असतं, पण सोललेलं बोट झोंबत होतं.

क्लास पुन्हा सुरू झाले. औषधांच्या दुकानातली मुलगी मात्र परत आली नाही. बाई स्वतः दुकानात जाऊन ब्रेक दुरुस्त झाल्याचं सांगून आल्या. तिने हसून मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. काही आठवड्यांनी शिकायला आलेल्या एका गृहस्थांकडून बाईंना कळलं की दिरांच्या गॅरेजात आता कॅलिपर काढला की आधी त्यावर खडूने डावा-उजवा लिहितात, आणि कुणी विसरलं तर मालक फार ओरडतात. स्वतः दीर त्याबद्दल बाईंशी कधी अवाक्षर बोलले नाहीत. आईचा गुडघा कसा आहे, एवढं विचारायला मात्र त्यांचा फोन येतो, आणि बाई फोन सासूबाईंकडे देतात.