हर्सूल लहर

शाळेतून निवृत्त झाल्यावर सुनेनं मला एक काम दिलं. ती ऑनलाइन शाली विकायची. सुरतेहून यंत्रमागाचा माल यायचा आणि आमच्या पुढच्या खोलीत त्याचे फोटो निघायचे. वेबसाइटवर प्रत्येक शालीच्या पानामागं एक रकाना असतो. गिऱ्हाईक शोधताना जे शब्द टाइप करेल, ते त्यात भरून ठेवायचे. गिऱ्हाइकाला तो रकाना दिसत नाही.

"अप्पा, तुम्ही भाषेचे मास्तर. शब्द तुम्हीच काढा," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

'गरम शाल', 'आईसाठी भेट' असलं बरंच काही भरलं, पण माल हलेना. शहागंजात माझा एक जुना दोस्त हातमागावर रेशीम-सुताच्या हिमरू शाली विणतो. त्याच्याकडं चहाला जायचो, तेव्हा वहीत त्याच्या नक्ष्यांची नावं उतरवून घेऊ लागलो. तो धोटा थांबवून हौसेनं सांगायचा. बदाम बूटी, अंगूर बेल, आणि शेवटी हर्सूल लहर. हर्सूलच्या तलावावर वाऱ्यानं उठणारी लाट बघून त्याच्या वडिलांनी ती नक्षी बसवली होती, नावही त्यांनीच ठेवलेलं.

"हे नाव दुसऱ्या कुठल्या मागावर नाय मिळणार, मास्तर. फक्त आपल्या घरचं हाय."

हे ऐकूनही मी ते लिहिलं. कशाला लिहिता, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

घरी येऊन सगळी नावं सुरतेच्या शालींच्या रकान्यात टाकली. दिसतच नाही, तर ते खोटं कसं? वर्णनात 'हातमाग' हा शब्द मी एकदाही लिहिला नव्हता, याचा मला अभिमानसुद्धा होता. शाली जाऊ लागल्या.

काही महिन्यांनी दोस्त घरी आला. पुण्याच्या एक बाई त्याच्या फार जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी मोबाइलवर 'हर्सूल लहर' टाकलं, पहिली दिसली ती शाल मागवली आणि फोन करून त्याला म्हणाल्या, "तुमचा हात बिघडला आता."

"मशीनच्या कपड्याला आमच्या अब्बांचं नाव कुणी लावलं, मास्तर?"

"कॉम्प्युटर आपोआप लावतो," मी म्हणालो.

त्याला ते पटलं. वर त्यानं बाईंना पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं. 'आमचं नाव कुणीतरी वापरलं आहे,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यानं हर्सूल लहर विणणं सोडून दिलं. दोन वर्षं मी त्याच्या मागाशेजारी बसून चहा पीत राहिलो आणि मागावर बदाम बूटीच बघत राहिलो.

गेल्या आठवड्यात मी ती सगळी नावं रकान्यातून पुसली. सून चिडली. "अप्पा, त्याच शब्दांवर तर शाली जातात!" "म्हणूनच," म्हणालो आणि शहागंज गाठलं.

मी सगळं कबूल करेपर्यंत दोस्ताचा हात थांबला नाही. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "शाळेत नक्कल करणाऱ्याला काय करायचे तुम्ही?"

"उभं करायचो."

"मग बसले कशाला? उठा की."

मी उठलो. गुडघे दुखत होते. तो विणत राहिला. समोरच्या दुकानदारानं हाक मारली, "काय मास्तर, बस चुकली का?" दोस्तच म्हणाला, "नाय, शिक्षा लागलीय त्यांना." दुकानदार हसला. मला हसता आलं नाही, दोस्तही हसला नाही. बदामांची एक अख्खी ओळ पुरी झाल्यावर त्यानं धोटा खाली ठेवला.

"बसा आता. बाईंना पत्र लिहा. 'कुणीतरी' नाय लिहायचं या वेळी."

मी वही उघडली. त्याच वहीत मागं कुठंतरी हर्सूल लहर लिहिलेलं होतं. पहिलं वाक्य 'मी' या शब्दानं सुरू केलं आणि तो वाचेल अशी वही त्याच्याकडं वळवून धरली.