फुगे काढणारा मावसभाऊ

माझ्या कडेगावच्या मावसभावाइतका माणसांकडे टक लावून बघणारा आणि त्यांचं एक अक्षरही न ऐकणारा इसम अख्ख्या सांगली जिल्ह्यात नसेल. तो कॉमिक्स काढतो. आपण काही सांगायला लागलो की तो ‘हं, हं’ करत राहतो आणि आपलं दुःख ऐन रंगात आलं असताना म्हणतो, “जरा डावीकडं वळ की. नाक लय ब्येस हाय तुझं.” आमच्या निम्म्या नातेवाइकांची नाकं अशी राक्षसांना, दरोडेखोरांना आणि एका लाचखाऊ गेंड्याला लागून छापून आली आहेत. उसाला पाणी पाजायला गेला की पाण्याची धार कशी वळते ते बघत बसतो, तोवर पाणी शेजाऱ्याच्या रानात. त्यामुळे त्याला कुणी रानात पाठवत नाही आणि त्याची त्याबद्दल तक्रारही नाही. मध्यंतरी पुण्याच्या एका प्रकाशकाला उडणारा नायक हवा होता. यानं उडवला, पण कराडवर येताच नायकाला भूक लागली आणि पुढची कित्येक पानं तो मिसळ खात बसला. “माणूस उडून दमणार न्हाई व्हय?” असं यानं प्रकाशकालाच विचारलं. ते काम तिथंच सुटलं.

त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. पात्रांच्या डोक्यावरचे बोलण्याचे फुगे त्यांनी लांबूनच पाहिले होते. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की “फुगं काढतंय,” एवढंच म्हणत. त्याचं एकही पुस्तक त्यांनी उघडलं नाही.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात आणि वाचा गेली. मनातलं कुणाला कळलं नाही, की ते ताट ढकलून देत. मग मावसभावानं कागदावर चौकटी आखल्या: तहानलेले काका, पाठ धरून बसलेले काका, डॉक्टरांवर खेकसणारे काका. काका हव्या त्या चौकटीवर बोट ठेवू लागले. एके दिवशी मात्र त्यांनी सगळ्या चौकटींवरून बोट फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली.

“काय पायजे, आण्णा? घरी जायचं?” मावसभावानं विचारलं.

काकांनी डाव्या हातानं पेन्सिल मागितली आणि चित्रातल्या स्वतःशेजारी एक वाकडातिकडा माणूस काढला. त्याचा एक हात पार गुडघ्यापर्यंत आला.

“ह्यो कोण? मी व्हय?”

काकांनी मान डोलावली.

काका उन्हाळ्यात गेले. परवा मी कडेगावला गेलो, तर मावसभाऊ डाव्या हातात पेन्सिल धरून तोच माणूस काढत होता.

“जमतंय का?”

“न्हाई गड्या,” तो म्हणाला. “लय सरळ येतंय.”