झुनझुन्यावाल्याची ब्राझीलची रेकॉर्ड

बँडपार्टीत मी ताशा वाजवत होतो. घोड्याच्या पुढं, नाचणाऱ्याइच्या मधात माही जागा. पार पुढं, बत्तीवाल्याइजवळ, एक जण नुसता झुनझुना हालवे. त्याले मी वाजवणाऱ्यात मोजतच नव्हतो.

आणीबाणी उठली त्या साली त्याच्या साळ्यानं जहाजावरून ब्राझीलची रेकॉर्ड आणली. तिकडचं सांबा नाचगाणं अन् रॉक एकात कालवलेलं. गाणं काय म्हणते ते शिकलेल्याइले बी कळे ना, तवा पह्यल्यांदा ते अन् मी बराबर झालो. पण ठेका असा लचकत जाये का बसल्या बसल्या कंबर हाले. त्यानं तो ठेका झुनझुन्यात उतरवला. गाणी आमची नेहमीचीच, पण सारे नाचणारे पळाले त्याच्याकडं. इकडं मी अन् घोडा, दोघंच.

बँडमास्तर म्हणे, "घोड्यापुढं आता तो राहीन."

मी ताशा खाली ठेवला. "एक वरात द्या," म्हटलं. "जरीपटका वस्तीतली. त्याच्याहून भारी वाजवतो."

दुपारी झुनझुन्यावाला घरी नसताना त्याच्याकडं गेलो. "वैनी, रेकॉर्ड देता का एक दिवस?"

"काहून जी भाऊजी? तुमच्याकडं मशीन कुठी हाये?"

"सासऱ्याकडं हाये."

सासऱ्याकडं होता चाबीचा जुना भोंगावाला ग्रामोफोन, सुई खिळ्यासारखी. लावली रेकॉर्ड. गाणं असं पळालं, जसं मांगं कुत्रं लागलं. म्हटलं, सापडलं गुपित! पाच वेळा आयकली. दरवेळी गाणं कमी, खरखर जास्त. मले वाटलं खरखर बी तिकडचा साज असन. ताशावर नखं घासून तीबी शिकलो.

वरातीत वाजवलं. नाचणारे कमरेवर हात देऊन उभेच राह्यले. कळलं फक्त घोड्याले. तो असा निंघाला, नवरदेव त्याच्या मानेले मिठी मारून थेट मांडवात. तिथं आरतीचं ताट बी तयार नव्हतं.

मास्तर ओरडले, "काहून बे, वरात हाये का शर्यत?"

सकाळी रेकॉर्ड परत करायले गेलो. त्यानं उजेडात धरून पाह्यली. पांढरी पडली होती.

"भाऊ, ही हळू फिरवा लागते. तुहा भोंगा दुपटीनं पळते. अन् त्या सुईनं खरडून टाकली."

"दुसरी भेटन का?"

"कुठून गा? जहाजाची नोकरी सुटली, साळा आता घरीच बसला."

म्हटलं, आता हाणते. हाणलं असतं तं बरं झालं असतं. तो म्हणे, "मले पाठ हाये. शिकाचं होतं तं सांगाचं होतं ना. बस, शिकवतो."

आठ दिवस माह्या मांडीवर थापा मारून शिकवलं त्यानं. मी शिकून राह्यलो होतो अन् आतून जळून राह्यलो होतो. घोड्यापुढची जागा त्याले भेटली, मी गेलो बत्तीवाल्याइजवळ. तिथं एक दिवस हातातला ठेका बराबर लचकला. एक पोट्टा नाचता नाचता थांबला.

"वा काका! कोणाकडून शिकले जी?"

तो तिकडं घोड्यापुढं दिसून राह्यला होता. बोट दाखवलं असतं तं झालं असतं.

"ब्राझीलहून," म्हटलं.