कोपऱ्यातला लाल उजेड

तीस वर्षं टेलिफोनची तांब्याची तार ओढणारा एक लाइनमन एका गोष्टीसाठी नावाजलेला होता: ताणून बसवलेली तार आणि काटकोनात मोडलेला कोपरा. बहिणीच्या घरी इंटरनेटची फायबर केबलही, जिच्यात तारेऐवजी काचेच्या बारीक धाग्यातून उजेड धावतो, त्याने तशीच बसवली.

बहीण घरून, त्याच इंटरनेटवर, ऑफिसच्या ग्राहकांचे फोन घ्यायची. महिन्याभरात लाइन दोनदा तुटली. आणखी एकदा तुटली तर काम जाईल, असं ऑफिसने कळवलं होतं.

"उंदराने कुरतडली असेल," लाइनमन म्हणाला.

"उंदराच्या माथी मारू नकोस, दादा. आधी तुझं काम बघ."

त्याने केबलच्या टोकाला तपासणीचा लाल दिवा लावला. दाराच्या चौकटीवर, त्याच्या लाडक्या काटकोनातून, लाल उजेड बाहेर झिरपत होता. आतला काचेचा धागा शाबूत होता, पण मोडीवर उजेड गळत होता.

त्याने खिळे उपटले, केबल सैल केली आणि कोपऱ्यावर बांगडीएवढा गोल वळसा दिला. लाल ठिपका गेला.

"दिसतंय मात्र गबाळं," हेडफोन चढवत बहीण म्हणाली.

"दिसू दे."

त्या दिवशी तिचा एकही फोन तुटला नाही. दुसऱ्या सकाळी लाइनमन शिडी घेऊन निघाला. फायबरचे असे देखणे कोपरे त्याने आणखी अकरा घरांत करून ठेवले होते.