घरच्या दोन सऱ्या

तात्यांच्या टोमॅटोच्या मळ्यात विहिरीकडच्या दोन सऱ्या घरच्या होत्या. त्यांच्यावर औषधाचा थेंबही पडू द्यायचा नाही. फळ किडकं निघालं तर किडीपुरतं कापायचं आणि बाकीचं ताटात. उरलेला मळा बाजाराचा, आणि बाजाराला डाग चालत नाही. आसपासचे मळेवालेही असंच करत, सगळे एकाच माळेचे मणी, त्यामुळे तात्यांना यात काही वावगं वाटत नसे.

सुरक्षित भाजीपाल्याचं शिबिर भरलं की तात्या पहिल्या रांगेत बसून मान डोलवत, चहा पीत आणि घरी येऊन फवारणीचा पंप भरत. फवारल्यावर सात दिवस तोडणी करू नका, हे डब्यावरचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. पण पिकलेलं फळ कुणासाठी सात दिवस थांबतं? पालथ्या घड्यावर पाणी, असं बायको म्हणायची. स्वतः मात्र भाजीला टोमॅटो घरच्या सऱ्यांतलेच आणायची.

लेक लग्न होऊन शहरात गेल्यापासून त्या सऱ्यांतलं फळ संपेना. लहानपणी शाळेतून आली की दप्तर बांधावर टाकून ती टोमॅटो फ्रॉकला पुसून खायची, रस कोपरापर्यंत ओघळायचा. आता तिला सहावा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. फोनवर तिचं एकच पालुपद: तात्या, मळ्यातला टोमॅटो खावासा वाटतो. फोन ठेवला की तात्या उगाच त्या सऱ्यांतून फिरून येत. तिच्या आठवणीने त्यांना घास गोड लागत नसे.

एका सकाळी तिचा फोन आला तो हसतच. बाजारात तिला निळी चिंधी बांधलेली क्रेट दिसली होती, आणि अशी चिंधी तात्यांशिवाय कोण बांधतं? तिला कुठला धीर धरवतोय. ओढणीला पुसून दोन टोमॅटो तिने तिथेच उभ्याउभ्या खाल्ले होते.

"घरी आल्यासारखं वाटलं," ती म्हणाली.

तात्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्या फळांवर त्यांनी तोडणीच्या आदल्याच दिवशी फवारलं होतं. सांगावं की गिळून टाकावं, त्यांना कळेना.

"पोरी, ते घरच्या सऱ्यांतले नव्हते गं," ते शेवटी म्हणाले. "आजच डॉक्टरांना दाखवून ये."

डबा हातात धरून त्यांनी औषधाचं नाव एकेक अक्षर लावत तिला सांगितलं. मग दिवसभर दोघं नवरा-बायको फोनजवळून हलली नाहीत. संध्याकाळी लेकीने कळवलं, सगळं ठीक आहे, काही त्रास वाटला तर लगेच यायला सांगितलंय. बायकोने डोळे पुसले. तात्यांच्या जिवात जीव आला.

फोन ठेवताना लेक म्हणाली, "तात्या, मला तुम्ही सांगितलंत. त्या क्रेटमधले बाकीचे कुणी नेले असतील हो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर तात्यांना सोसला असता.

दुसऱ्या दिवशी माल न्यायला गाडी आली. तात्यांनी ती रिकामी परत पाठवली.