मांडीवरची मांजर

काशीतल्या लहुराबीरच्या दुकानात धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ दोन व्हॅक्यूम क्लीनरपुढे उभे होते. कधी एकाची नळी उचलत, कधी दुसऱ्याची. मी मराठी असल्याचे कळताच त्यांनी अडचण सांगितली. पूजेच्या सोवळ्यावर पुन्हा मांजरीचा केस दिसला, तर पत्नी तिला गंगेपलीकडे रामनगरला सोडणार होती.

"बिल्ली पूजाघर में जाती है क्या, पंडितजी?" विक्रेत्याने विचारले.

"नहीं, नहीं!" मग मला हळूच म्हणाले, "जपाला बसलो की मांडीवर येते. आमच्या हिला ठाऊक नाही."

विक्रेत्याने मशीन सुरू केले. त्या घरघरीने गृहस्थ दचकले.

"अहो, याला घाबरून ती यायचीच थांबली तर?"

त्यांनी मशीन बंद करायला सांगितले, आणि लगेच पुन्हा सुरू करायला.